आखणी झालेले गणपती आणि मालकांची आई

आमच्या कारखान्यात मूर्ती घासायला येणारी वाडीवरची मावशी त्या दुपारी आली नसती, तर मालकांच्या आईचं काय झालं असतं, हा विचार मला अजून पुरता करवत नाही. म्हणून आधी तिचं नाव घ्यायचं. पण नावानं तिला कोणी हाक मारत नाही, सगळ्यांची ती मावशीच. नदीकाठच्या आदिवासी वाडीत राहते.

मी लातूरकडचा. सातवीत शाळा सुटली. आधी रोह्याला कंपनीत ठेकेदाराकडे होतो, ते काम गेल्यावर जिते स्टेशनजवळच्या या गणपतीच्या कारखान्यात आलो. त्या दिवशी मालक आणि मालकीणबाई तयार मूर्ती घेऊन पनवेलला गेले होते. मागच्या खोलीत मालकांची आई, एक अंग लुळं पडलेली. जाताना मालक म्हणाले, "आईकडं बघ रे." मी हो म्हणालो.

पावसामुळं बाकी कोणी कामाला आलं नव्हतं. दुपारी पाणी दारातून आत आलं आणि मी मूर्ती उचलायला लागलो. इथली रीत अशी, की डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे माल, आखणी झाली की देव. आखणी झालेले सगळे नेमके खालच्या फळीवर होते. एकेक उचलायचा, वर ठेवायचा, हात जोडायचे. म्हातारीनं हाका मारल्या असतील. पत्र्यावरच्या पावसात मला एकही ऐकू आली नाही.

मावशी कमरेएवढ्या पाण्यातून आली. "म्हातारी कुठं हाय?"

"खोलीत. एवढे चार राहिलेत."

"घाटावरनं आलास तो देव वाचवायला व्हय? अरं, देव पाण्यात जायचाच हाय. म्हातारी नाय."

तिनं वरच्या फळीवरचे गणपती एकेक कपाळाला लावून पाण्यात सोडले. मग फळी काढली. खोलीत खाटेला पाणी टेकलं होतं. म्हातारीला गोधडीत गुंडाळून साडीनं फळीला बांधलं आणि दोघांनी उचललं.

वाटेत म्हातारी पुटपुटली, "विसर्जनाला नेतेस काय गो मला?"

"नाय गो आये. तुझा दिवस नाय अजून."

स्टेशनच्या उंच भरावावर टेकलो. मी विचारलं, "मावशी, तुमच्या वाडीवर?"

ती पदर पिळत म्हणाली, "पोरांना शाळेच्या माडीवर पोचवली. मग म्हटलं, मालक नाय, म्हातारीला कोण बघील. शेळ्या बांधलेल्याच ऱ्हायल्या."

दोन होत्या. दुसऱ्या दिवशी दाव्यासकट मेलेल्या सापडल्या.

म्हातारी जगली. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी म्हणालो, मावशीनं केलं सगळं. पण गाळ काढायची घाई, कोणाचं लक्ष नव्हतं. मीही पुन्हा मोठ्यानं सांगितलं नाही. आठ दिवस गाळच उपसत होतो, बोलायचंही त्राण नव्हतं. वाडीवर तांदूळ आले, चादरी आल्या. शेळ्यांचं कोणी विचारलं नाही.

आमच्याकडच्या शेळ्या काळ्या, अंगानं मोठ्या, दुधाला चांगल्या. गावी जायला कधी जमेल ठाऊक नाही. पण ज्या वर्षी जाईन, त्या वर्षी येताना दोन शेळ्या घेऊन येईन आणि तिच्या दारात स्वतः बांधीन.