दोन केबली, एक डिस्क

"दोन दिसून राह्यल्या म्हणून दोन असतीलच, असं नाही ना साहेब." वाहेद हे बोलला नसता, तर त्याची चूक कोणाला कळलीच नसती.

धाडचा वाहेद बुलढाण्यातल्या फोटो साठवणाऱ्या एका खाजगी केंद्रात कंत्राटावर मशीन सांभाळायचा. त्या साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. गावोगावी पंचनामे झाले, आणि किडक्या बोंडांचे, उभ्या शेतांचे फोटो या केंद्रात येऊन साठू लागले. फोटो निघाला की लोक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून हरभरा पेरत. शेतात भरपाईसाठीचा पुरावा उरलाच नव्हता. तो होता थंड खोलीतल्या एका डिस्कवर, आणि त्या डिस्कची नक्कल अजून घेतलेली नव्हती.

डिस्कच्या कपाटापासून सर्व्हरपर्यंत काचेच्या तंतूची एकच केबल होती. ती तुटली तर सगळंच ठप्प होईल, या काळजीनं वाहेदनं रविवारी कोणाला न विचारता दुसरी जोडली. दोन्ही केबलींच्या टोकाला डिस्क एकच आहे, हे सर्व्हरला समजावणारं सॉफ्टवेअर मात्र टाकायचं राहून गेलं. सोमवारी पडद्यावर दोन डिस्क उभ्या. एक चालू, दुसरी बंद, कोरी वाटावी अशी.

केंद्रप्रमुख रमाकांत साहेब खुश झाले.

"वर्षभर नवी डिस्क मागतोय, कंपनीनं पाठवली बघ एकदाची! पुसून घेऊ, मेहकरचे फोटो दुपारी येतायत."

"हात नका लावू, साहेब."

"का रे? तुझ्या सासऱ्यानं दिली का?"

फोटो चढवणाऱ्या सिंधूताई हसल्या. राहिलेलं सॉफ्टवेअर टाकायला वाहेदला फक्त वीस मिनिटं हवी होती.

"चहा पिऊन या ना साहेब, तंवर मी पाहतो."

"चहा इथंच आलाय."

माऊस साहेबांच्या हातात होता. बाण 'फॉर्मॅट'पाशी पोचला, तेव्हा वाहेदच्या तोंडून ते वाक्य निघालं.

"दोघींचा नंबर वाचा, ताई," तो म्हणाला. "दर डिस्कचा येगळा असतो."

सिंधूताईंनी मोठ्यानं वाचला. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. साहेबांनी माऊस सोडला.

"म्हणजे ही पुसली असती तर..."

"धाडपासून सुलतानपूरपर्यंत साऱ्या गावांचे फोटो गेले असते."

मग साहेबांनी विचारलं, "दुसरी केबल कोणी टाकली?"

"कंपनीचा माणूस येऊन गेला असंल," सिंधूताई घाईनं म्हणाल्या.

वाहेदनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. घरी बायकोला, गौसियाला, सातवा महिना होता. न विचारता मशीनला हात लावला तर त्याच दिवशी घरी, हे कंत्राटात लिहिलेलं त्याला पाठ होतं.

"मीच टाकली, साहेब. इचारलं नाही."

"अरे, ताई सांगत होत्या ते ऐकायचं ना!"

"तो माणूसबी कंत्राटावरच हाये."

या पोरानं रविवार मोडून केंद्राचंच भलं पाहिलं, हे साहेबांना कळत होतं. पण कळलं म्हणून पेन थांबत नाही. त्यांनी कामावरून कमी करण्याचा कागद लिहायला ओढला.

तो लिहून होईतो वाहेदनं सॉफ्टवेअर टाकलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर एकच डिस्क आली. त्यानं सिंधूताईंना धाडचं एक शेत उघडून दाखवायला लावलं. उभी पऱ्हाटी, किडकं बोंड, मागं कोणाचा तरी बैल. सगळं जागच्या जागी.

मग त्यानं सही केली, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि बाहेर पडला.