पत्रे फुटू लागले तेव्हा

मला एका जागी बसता येत नाही. जेवायला बसलो तरी दाराकडं तोंड करून बसतो, आणि ताट अर्धं असतानाच पुढं काय करायचं ते शोधू लागतो. टीव्ही उभ्यानं बघतो. नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी यात काही फरक नाही. बायको आता त्यावरून बोलत नाही. पूर्वी बोलायची.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात पोरांना दोनच वाटा होत्या, मुंबई नाहीतर पलटण. थोरला भाऊ मुंबईला गेला. मी साताऱ्यात भरतीच्या रांगेत उभा राहिलो. ट्रेनिंग संपतंय न संपतंय तोवर आम्हाला शांतिसेनेत श्रीलंकेला नेलं. तिथं शत्रू दिसायचाच नाही. नारळीच्या बागा, केळी, तांबडी माती, आणि त्या मातीत पुरलेले सुरुंग. पुढच्यानं जिथं पाय ठेवला तिथंच आपण ठेवायचा. माझ्या पुढं कराडकडचा एक जोडीदार चालायचा. एका सकाळी तो मागं वळून मला काहीतरी सांगायला लागला आणि त्याचा पाय वाटेच्या जरासा बाहेर पडला. तो काय सांगणार होता, ते राहूनच गेलं.

पुढं काही वर्षांनी कारगिल. तिथं माती नव्हतीच, नुसता दगड. तोफगोळा फुटला की गोळ्यापेक्षा दगडाच्या कपच्या जास्त लागायच्या. आवाज झाला की आडवं व्हायचं, विचार नंतर करायचा. हे मी डोक्यानं शिकलो नाही, अंगच शिकलं. पलटणीतली मुदत भरली आणि मी धडधाकट परत आलो. गावात सत्कार झाला, फेटा बांधला. आणि दुसऱ्या दिवसापासून मी शेताच्या बांधावरून नुसता फेऱ्या मारू लागलो.

"आवं, शेरडंसुदिक दुपारचं सावलीला बसत्यात," बायको म्हणायची, "तुमी का न्हाई बसत?"

मग माजी सैनिक म्हणून सांगलीच्या अग्निशमन केंद्रात काम मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. लोकांना वाटतं, आगीच्या नोकरीत आग अवघड. मला अवघड जायचं ते वाट बघणं. बाकीचे पत्ते खेळायचे, डुलक्या काढायचे. मी बंबाभोवती फिरायचो, धुतलेले पाईप पुन्हा धुवायचो. आमचा लीडिंग फायरमन मिरजेचा होता, वयानं मोठा, अंगानं आडवा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. तो खाटेवरनंच ओरडायचा, "फौजी, बस की गड्या. आग लागायची तवा लागंल."

पण घंटा वाजली की मात्र माझ्या आतलं सगळं शांत व्हायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आग लागल्यावर बरं वाटतं, असं सांगायचं कुणाला?

उन्हाळ्यातली दुपार होती. हळदीच्या एका गोदामाला आग लागली. सांगलीत हळदीची गोदामं काही नवी नाहीत, पण पेटलेली हळद मी पहिल्यांदाच बघत होतो. ज्वाळा फार नव्हत्या. पोती आतल्या आत धुमसत होती, आणि धूर असा की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हावं. हळद निवडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून रस्त्यावर उभ्या होत्या. मुकादम सांगत होता, "सगळी भाईर आल्यात. आत कोण न्हाई."

आम्ही पाईप घेऊन आत शिरलो. दादा पुढं, मी त्याच्या मागं. तोंडावर मुखवटे होते, पण काचेतून स्वतःचा हातही दिसत नव्हता. थोडं आत गेलो आणि डोक्यावर एकदम कडाडलं. पुन्हा. मग लागोपाठ सुरूच झालं.

छताचे सिमेंटचे पत्रे तापून फुटत होते. हे आज सांगतोय. त्या क्षणाला तिथं गोदाम नव्हतं, सांगली नव्हती. मी दादाच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला घेऊन फरशीवर आडवा झालो. वरून तुकडे पडत होते. दादा खालून ओरडत होता, "आरं, काय करतूस?"

माझा गाल फरशीला टेकला होता. धूर सगळा वर होता, फरशीलगत वीतभर जागा मोकळी राहिली होती. त्या फटीतून पोत्यांच्या थप्पीपलीकडं मला दोन पावलं दिसली. हळदीनं पिवळी झालेली, बोटांत जोडवी. एक अंगठा हलला.

"दादा, बाई हाय आत!"

आम्ही रांगत गेलो. दादानं खांद्याला धरलं, मी पायांना, आणि तिला फरफटतच बाहेर आणलं. रस्त्यावर आणून निजवली, कुणीतरी पाणी मारलं, तेव्हा ती खोकायला लागली. खोकता खोकता मुकादमाला म्हणाली, "डोस्कं दुखत हुतं, म्हून थप्पीमागं जरा आडवी झाले हुते." तिला दवाखान्यात नेलं. ती जगली.

आग विझेपर्यंत दिवस मावळायला आला. दादा भेटेल त्याला सांगत होता, "फौजी डोस्कं बगा! धुरात खाली बगायचं असतंय, ह्येला बरुबर ठावं." लोक पाठीवर थापा मारत होते. मी बंबाच्या पायरीवर बसलो होतो. शेवटी मला ते ऐकवेना.

"दादा, मी बगायला न्हाई पडलो," मी म्हणालो. "मला वाटलं, गोळीबार झाला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आसंना का. बाई तर निगाली न्हवं?" आणि स्वतःच्या हातातला चहा मला दिला.

त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत, जिथं जिथं पत्र्याचं छत असेल तिथं आत शिरल्यावर त्याचा एक हात मागं यायचा आणि माझ्या दंडावर पडायचा. वर कडाडलं की तो मोठ्यानं सांगायचा, "पत्रा हाय रं, पत्रा!" तरी मी वाकायचोच. तो कधी हसला नाही.

त्या आगीच्या दिवशी घरी गेलो, तर कपड्यांचा वास धुऊनही जाईना. बायको पिळे वाळत घालत होती. मी तिला कराडकडच्या जोडीदाराचं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्याबद्दल मी घरात एक शब्द काढला नव्हता. तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"इतकी वरसं का न्हाई सांगितलं?"

"सांगायला बसावं लागलं असतं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

गोदामातली ती बाई अजून कधीमधी बाजारात दिसते. मला ओळखत नाही. तोंडावर मुखवटा होता, ओळखणार कशी? मीही सांगत नाही. ती भाजीवाल्याशी भांडत असते, मी पुढं जातो.

मागच्या महिन्यात औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. डोंगराच्या पायऱ्या मी भरभर चढत सुटलो. वळून बघितलं तर बायको खूप खाली, गुडघ्यावर हात ठेवून एका पायरीवर बसलेली.

"तुमी जावा वर," तिनं हात केला. "मी येते सावकाश."

मी खाली उतरलो आणि तिच्या शेजारी बसलो. खाली गाव उन्हात पसरलं होतं, वारा होता. माझा गुडघा आपोआप हलत होता. तिनं तो बघितला, धरला नाही, थांबवला नाही. पिशवीतनं पाण्याची बाटली काढून मला दिली. थोड्या वेळानं मी म्हणालो, "चल." ती म्हणाली, "बसा अजून जरा."

बसलो.