पुलापलीकडचे दहा

अमेरिकेतल्या आमच्या गावात आणि पलीकडच्या गावात एक नदी, एक पूल आणि एक तास आहे. पूल ओलांडून पूर्वेला गेलं की घड्याळ तासभर पुढे जातं. पलीकडचे लोक त्यांच्या वेळेला 'फास्ट टाइम' म्हणतात आणि आमच्या वेळेला, अर्थातच, 'स्लो टाइम'. त्यांना हा तास स्वतःच्या कर्तबगारीनं मिळाल्यासारखा वाटतो. मध्यंतरी त्यांनी कोर्टासमोर नवं घड्याळ उभारलं. बँड वाजला, महापौरांनी फीत कापली आणि प्रगतीवर भाषण केलं. भाषण लांबत गेलं, ते मात्र कोणी मोजलं नाही. आमच्या गावानं उत्तरादाखल काहीच केलं नाही. आम्ही एकूणच काही करत नाही. दुपारी चारला आमचं हार्डवेअरचं दुकान बंद होतं आणि माणसं ओसरीवर येऊन बसतात.

मी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा दोन्ही गावं मिळून मराठी घरं दोनच होती. एक आमचं, दुसरं पलीकडे राहणाऱ्या डॉक्टरकाकांचं. काका माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "या, मागासलेल्या भागातून आलात. प्रवास एका तासाचा झाला असेल."

"येताना तास गेला, काका. जाताना परत मिळेल."

"मग सावकाश जेवा, घाई कसली?"

बोलावणं करायची आमची एक रीत पडली. बोलावणाऱ्यानं पाहुण्याच्या घड्याळाची वेळ सांगायची. पाहुण्याला हिशेब करायला लावणं काकूंना असभ्य वाटे. काकू "बाराला जेवायला या" म्हणाल्या की ते आमचे बारा. मी त्यांना "सातला या" म्हटलं की ते त्यांचे सात. 'तुमचे की आमचे' असं कधीच कोणी विचारलं नाही. इतकी वर्षं एकदाही चूक झाली नाही, याचा आम्हाला थोडा गर्वही होता. महापौरांना हसण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी काकांची स्मरणशक्ती जायला लागली. आधी औषधांची नावं गेली, मग माणसांची. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. तिनं दोघांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. आठवड्याभरात बांधाबांध झाली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंच्या फोनवरून निरोप आला : 'उद्या दहाला निघतोय. त्याआधी या. हे तुमची वाट बघतायत.'

काकांनी मला ओळखावं आणि मी त्यांना नमस्कार करावा, एवढंच मला हवं होतं.

मी आमच्या दहाच्या बऱ्याच आधी पोचलो. गॅरेज बंद, पडदे काढलेले, दारात विक्रीची पाटी. मी काकूंना फोन लावला.

"अहो, अर्धा तास झाला निघून! किती थांबलो. विमान चुकलं असतं."

"पण दहाला म्हणालात ना, काकू?"

मग काकू हळूच म्हणाल्या, "ते लेकीनं टाइप केलं हो माझ्या फोनवरून, वेळही तिनंच घातली. तिला काय माहीत आपली रीत."

मागून मुलीचा आवाज आला, "सॉरी दादा, मला वाटलं टेन म्हणजे टेनच ना!"

तिचं बरोबरच होतं. जगात सगळीकडे दहा म्हणजे दहाच असतात.

"आज सकाळी अगदी छान होते बघा," काकू म्हणाल्या. "स्वतः दाढी केली. चारदा विचारलं, पलीकडचा आला का. गाडीत बसायलाच तयार नव्हते. थांबा, देते त्यांना."

"काका, मी बोलतोय. पलीकडचा."

"नमस्कार, नमस्कार," काका म्हणाले. आवाज स्वच्छ, अगत्याचा. दवाखान्यात नवा पेशंट आला की लागायचा तसा. "बोला, काय सेवा करू? आपण कुठून बोलताय?"

मी त्यांच्याच दारात उभा होतो. तसं सांगितलं.

"अरे वा," ते म्हणाले, "मग बसा ना. घरचे आत असतील."

मी पायरीवर बसलो आणि "हो, बसतो" म्हणालो.