ओलिंडाबाईंची सायकल आणि पुढचा बाक

ओलिंडाबाई सिल्व्हेरांनी सत्तावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि सत्तावीस वर्षं बसमध्ये एकच कायदा ठेवला. ज्यानं केलं त्यानं उठून उभं राहायचं. संत्र्याची साल कुणी फेकली, खिडकीला च्युइंगम कुणी चिकटवलं, हे बाई कधी विचारत नसत. बस कडेला घ्यायच्या, इंजिन बंद करायच्या आणि आरशात बघत बसायच्या. रागावणं नाही, ओरडणं नाही. जो आपण होऊन उठेल त्याची शिक्षा निम्मी, म्हणजे आठवडाभर पुढच्या बाकावर, बाईंच्या थेट पाठीमागे. न उठता मागाहून सापडला, तर घरी चिठ्ठी आणि महिनाभर तोच बाक. आमच्या खोऱ्यातले निम्मे डेअरीवाले, बँकेची मॅनेजर आणि एक पाद्री त्या बाकावर बसून गेलेत. खोटं कशाला बोला, आम्हीही गेलोय.

या वर्षीचा ऑगस्ट मात्र वेगळा होता. सोमवारी शाळा सुरू होणार होती आणि बाईंची नात डेल्फिना पाच वर्षांची झाली होती. तिचं घर बाईंच्याच मार्गावर, चौथा थांबा. पोरगी जन्मली त्या दिवशी बाईंनी दवाखान्यातच बोटं मोजून तिच्या शाळाप्रवेशाचं साल काढलं होतं. गुडघे केव्हापासून कुरकुरत होते, निवृत्तीचा अर्ज दोनदा भरला आणि दोनदा फाडला, तो या एका सकाळसाठी. पोरगी दप्तर घेऊन आपल्या बसची पायरी चढणार, बस्स, एवढंच बघायचं होतं.

आजीला 'वावो' म्हणणाऱ्या डेल्फिनाचा हट्ट वेगळाच होता.

"वावो, मी पुढच्या बाकावर बसणार. तुझ्या मागे."

"पुढचा बाक शिक्षेचा आहे. तू तिसऱ्यावर बसायचं."

"पण मी तुझी नात आहे."

"घरात. बसमध्ये मला नातं नाही न् गोतं नाही."

पोरीनं ओठ काढला. पण आजीचीच नात ती, गप्प बसली म्हणजे ऐकलं असं नाही.

आता सायकलीचं सांगतो. जूनमध्ये उन्हाळ्याची सुट्टी पडली, बस आगारात लागली आणि बाईंचे पाय आखडले. सप्टेंबरातल्या पवित्र आत्म्याच्या फेस्ताला, म्हणजे आमच्या चर्चच्या सणाला, यंदा तारखा जुळेनात, म्हणून तो ऑगस्टातच ठरला. बाई रोज घरी गोडा पाव भाजायच्या आणि पाय मोकळे करायला चालतच तो तीन मैलांवरच्या फेस्ताच्या हॉलमध्ये नेऊन द्यायच्या. फेस्ताच्या आधी चारशे पाव गोठवून ठेवायचे म्हणजे चेष्टा नाही. ते चालणं भाच्याला, गिल्बर्टला बघवेना. त्याची डेअरी आहे, गाईंत दिवस जातो आणि रात्र मोबाइलवर काहीबाही मागवण्यात. त्यानं एक भलंमोठं खोकं आणून अंगणात टाकलं. आत काळीकुट्ट सायकल, जाडजूड टायर, मागच्या चाकात मोटर.

"आत्या, लायसन्स नको, नंबर नको, विमा नको. वेबसाइटवरच लिहिलंय. पॅडल आहे ना? मग सायकल."

पॅडल होतं खरं. पण ते मारायची गरज कुणाला होती? मुठीला नुसता पीळ दिला की ती धावायची. बाईंनी जन्मभर बस हाकली ती काट्यावर नजर ठेवून, मागे चाळीस पोरांचा जीव घेऊन. इथं मागे फक्त पावाचं खोकं. कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर पहिल्याच दिवशी काटा सदतीस मैलांवर गेला. एकीकडे बदामाची झाडं, दुसरीकडे पाणी, मधोमध सहासष्ट वर्षांच्या ओलिंडाबाई, आणि त्या मोठ्यानं हसत होत्या. एकट्याच. नवरा गेल्यापासून असं हसणं झालं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं.

आणि मग गावात बोभाटा झाला. कालव्याच्या रस्त्यावरून काळं काहीतरी वाऱ्यासारखं जातं, भूतच म्हणा. डोक्यावर काळं हेल्मेट, तोंड दिसत नाही. बदामवाल्याच्या बायकोचा कुत्रा दोन दिवस पलंगाखालून निघेना.

"कुणीतरी टवाळ पोरगं असणार," हॉलमध्ये पीठ मळता मळता फिलोमेना म्हणाली. फिलोमेना म्हणजे बाईंची चुलतबहीण, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ.

"आजकालची पोरं," ओलिंडाबाईंनी मान हलवली. "मी रोज त्याच रस्त्यानं येते, मला कसा दिसला नाही तो?"

हसू नका. बाईंना मनापासून तसंच वाटत होतं. माणसाला जगातलं सगळं दिसतं, आपली पाठ तेवढी दिसत नाही.

शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या कचेरीतून डेप्युटी केंड्रिकला पाठवलं. तीन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेला, उंच, उन्हानं लालबुंद झालेला, गावात कुणाला न ओळखणारा माणूस. तो कालव्याचा रस्ता संपतो तिथं, रेल्वे फाटकाशी, निलगिरीच्या सावलीत वेग मोजायचं यंत्र घेऊन बसला. चार दिवस बसला. भूत काही सापडलं नाही. कारण रुळांपाशी येताच ओलिंडाबाई थांबायच्या. स्कूलबसच्या ड्रायव्हरनं रुळांपुढं थांबायचं, दार उघडायचं, बघायचं, ऐकायचं. त्या लायनीवरून आठवड्यात एखादी टोमॅटोची मालगाडी जाते, पण सत्तावीस वर्षांचं वळण, ते काय सायकलीवर बसल्यानं सुटतं? दार नव्हतं, म्हणून बाई हेल्मेट काढायच्या. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, कान द्यायचा, आणि मागच्या नसलेल्या पोरांना हात वर करून गप्प राहा म्हणायचं. मग हळूहळू रूळ ओलांडायचे. पुढं गावच लागतं, तिथं कोण पळवतंय?

केंड्रिकला रोज दिसायची ती पांढऱ्या केसांची, पाव घेऊन निघालेली आजी. शुक्रवारी तो पाण्याची बाटली घेऊन जवळ आला.

"बाई, घ्या, पाणी प्या. चार दिवस बघतोय, रुळापाशी थांबणारं माणूस या गावात तुम्ही एकट्याच. स्कूलबस तुम्हीच चालवता ना?"

"मीच."

"मग एक काम करा माझं. ते भूत तुमच्याच पोरांपैकी असणार. सोमवारी बसमध्ये सगळ्यांना समजावून सांगा. घरच्यांना वाटतं सायकल घेऊन दिली. सायकल कसली? मोटर साडेसातशे वॉटच्या आत हवी. पॅडल न मारता वीस मैलांच्या पुढं जाता कामा नये. तसा शिक्का असतो सांगाड्यावर. त्याच्यावर गेली की कायद्याला ती मोटरसायकल. पॅडल असो नाहीतर घंटा."

"मोटरसायकल," बाई म्हणाल्या.

"मग मोटरसायकलचं लायसन्स पाहिजे, नंबर पाहिजे, विमा पाहिजे. नाहीतर गाडी जप्त, वर कोर्टाची पायरी, आणि लायसन्सच्या रेकॉर्डवर डाग. कुणाला धडकली तर विमा कंपनी हात वर करते, घरदार विकून भरा. पोरांना हे कुणी सांगतच नाही. सोमवारी मी शाळेच्या दाराशी उभा राहून एकेका पोराची सायकल तपासणार आहे."

ओलिंडाबाईंनी बाटली घेतली आणि सायकलीकडे बघितलं. हेल्मेट हँडलला लटकत होतं. काळं. मागच्या मोटरवर पावाच्या खोक्याचं फडकं लोंबत होतं, त्याखाली दोन हजार वॉट असा आकडा कोरला होता, तो त्यांना पाठ होता. गिल्बर्टनं कौतुकानं वाचून दाखवला होता. आणि लायसन्सवर डाग म्हणजे काय, हे केंड्रिकनं सांगायची गरज नव्हती. स्कूलबसवाल्यांच्या रेकॉर्डवर साधा ओरखडा उठला तरी तो थेट शाळेच्या कचेरीत कळतो. बसचा परवाना स्थगित होऊ शकतो. सोमवारी चौथ्या थांब्यावर दुसराच कुणीतरी दार उघडणार.

केंड्रिकचं सायकलीकडे लक्षही नव्हतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं आणि निघायचं होतं. सायकल परत गिल्बर्टला दिली असती, भूत आपोआप नाहीसं झालं असतं, आणि ओलिंडाबाईंना खरंच तसं करावंसं वाटलं. फार वाटलं. डेल्फिनाची वेणी आरशात कशी दिसेल, हे त्यांनी शंभरदा मनात बघून ठेवलं होतं. पण इंजिन बंद करून आरशात बघत बसायचं ते किती वेळ, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आजवर त्या बघणाऱ्या होत्या. आज पहिल्यांदा मागच्या बाकावर होत्या.

त्या सायकलीवरून उतरल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"केंड्रिक, ते भूत मीच."

तो हसला. बाईंनी फडकं बाजूला केलं. त्यानं वाकून आकडा वाचला आणि हसणं आवरलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, मला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं. पोरांच्या सायकली तपासून काय मिळणार होतं तुला? लिही तुझं काय ते."

त्यानं वही काढली, नाव-गाव लिहिलं. म्हणाला, "हे मी एकट्यानं ठरवणार नाही. वरिष्ठांना विचारतो, रविवारपर्यंत सांगतो. तोवर हिच्यावर बसायचं नाही. चला, माझ्या गाडीत टाकू, सोडतो."

"मी ढकलत नेईन."

"मैलभर तरी आहे अजून. जड आहे ती."

"शिक्षा आहे, केंड्रिक. हलकी कशाला असेल?"

हॉलवर पोचल्या तेव्हा बाई घामानं निथळत होत्या आणि पाव मात्र एकही चेपला नव्हता. गिल्बर्ट तिथंच खुर्च्या लावत होता. त्यानं ऐकून कपाळावर हात मारला.

"आत्या, अक्कल गहाण टाकलीस का? त्याला पत्ताच नव्हता!"

"तू वेबसाइटचं सांगू नकोस मला. पुन्हा काही मागवलंस तर पुढच्या बाकावर बसवीन."

शुक्रवार ते रविवार बाईंनी जेवण कसं केलं, झोप कशी काढली, ते विचारू नये. डेल्फिना नवं दप्तर पाठीला लावून आजीच्या घरभर फिरत होती आणि बाई तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

रविवारी फेस्ता. फेस्ताची राणी म्हणून निवडलेल्या पोरीचा मखमली झगा, बँड, सजवलेल्या गाई, सगळं रस्त्यानं मिरवून झालं आणि हॉलमध्ये पंगत बसली. आमच्या फेस्ताचं जेवण येईल त्याला फुकट, कोण कुठला विचारायचं नाही. पावाच्या जाड तुकड्यांवर गोमांसाचा रस्सा, वर पुदिना. त्याला सोपास म्हणतात आणि ते वाढायला ओलिंडाबाई पळी घेऊन उभ्या होत्या. रांगेत उंच, लालबुंद तोंड दिसलं. बाई वाढत राहिल्या.

"आला तो," फिलोमेना कानाशी लागली. "अगं, मांसाचे चार तुकडे जास्त टाक. नळीचं हाड टाक."

"सगळ्यांना जेवढं तेवढंच. जास्त टाकलं तर ती लाच होते."

"मर मग."

केंड्रिकचं ताट पुढं आलं. बाईंनी मोजून वाढलं, एक तुकडा जास्त नाही, एक कमी नाही. विचारलंही नाही काही. त्यानंच सांगितलं.

"लेखी ताकीद दिलीय, बाई. दंड नाही, कोर्ट नाही, रेकॉर्डवर काही नाही. वरिष्ठ म्हणाले, जो आपण होऊन सांगतो त्याच्यावर पहिल्या खेपेला एवढं पुरे. पण ती सायकल पुन्हा रस्त्यावर दिसली तर उचलून नेईन, मग मी कुणाचं ऐकणार नाही. खासगी जागेत काय ते फिरवा."

"आणि पोरांना सांगायचं ते?"

"ते सांगालच तुम्ही."

ओलिंडाबाईंनी एकदा वर बघितलं, पातेल्याच्या तळात पळी घातली आणि सगळ्यात मोठं नळीचं हाड काढून त्याच्या ताटात ठेवलं.

"आता लाच नाही," त्या फिलोमेनाला म्हणाल्या, आणि पदर नसल्यानं ओट्यावरच्या फडक्यानंच डोळे पुसले.

सोमवारी चौथ्या थांब्यावर दार उघडलं. डेल्फिना पायरी चढली, एकेक पाय टेकवत, कारण पायरी उंच होती. बाईंनी नेमानं म्हटलं, "सुप्रभात, तिसऱ्या बाकावर," आणि आरसा नीट केला. पोरगी गुपचूप जाऊन बसली. वेणी आरशात अगदी मनात होती तशी दिसली. दोन्ही बाजूंना पिवळ्या फिती तेवढ्या जास्त होत्या.

सगळी पोरं चढल्यावर बाईंनी बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पोरांनी माना वर केल्या. अजून तर कुणी काही केलंही नव्हतं. बाई स्वतःच उठून उभ्या राहिल्या.

"कालव्यावरचं काळं भूत मी होते."

मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "बाई, किती स्पीड?"

"सदतीस."

बसभर एक श्वास ओढला गेला. "तोंडं मिटा. कौतुकाची गोष्ट नाही ती," बाई म्हणाल्या आणि वॉट, वीस मैल, लायसन्स, विमा, जप्ती, सगळं एकदा नीट सांगून टाकलं. "घरी असली सायकल असेल तर आजच आईबापांना शिक्का वाचायला सांगा. वेबसाइटच्या सांगण्यावर जाऊ नका."

"मग तुम्हाला पुढचा बाक?"

"मी जन्मभर पुढच्या बाकाच्याही पुढं बसले आहे."

हशा झाला आणि बस निघाली. रुळांपाशी थांबली, दार उघडलं, बाईंनी हात वर केला. त्या शांततेत मागं कागद वाजला आणि गोड्या पावाचा वास आला. बसमध्ये खायचं नाही, हे पहिलीच्या पोरालाही माहीत असतं. बाईंनी रूळ ओलांडले, बस पुन्हा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आरशात बघत बसल्या.

फार वेळ बसावं लागलं नाही. तिसऱ्या बाकावर डेल्फिना उठून ताठ उभी राहिली. हनुवटीवर पावाचे कण होते.

"वावो, मी खाल्ला. आपण होऊन सांगितलं."

"ये पुढं," बाई म्हणाल्या. "एक आठवडा."

पोरगी दप्तर ओढत आली आणि आजीच्या थेट पाठीमागे बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते हलवत तिनं दप्तर उघडून आत बघितलं. आत वावोच्याच हातच्या पावाचे अजून चार तुकडे होते, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला.

"हे पुढच्या आठवड्यांचे," ती म्हणाली.

बाईंनी किल्ली फिरवली खरी, पण बस हलायला जरा वेळ लागला, कारण रस्ता नीट दिसत नव्हता.