मामांना धारवाडला नेलं तेव्हा

माझे सासरे दारू पीत, पण त्यांनी कधी कुणाला शिवी दिली नाही की कुणावर हात उगारला नाही. त्यामुळे त्यांना उपचारांची गरज आहे, असं घरात माझ्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं.

आमचं गाव कर्नाटकात, रामनगरपासून थोडं आत, रानाच्या कडेला. मी खानापूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई वारल्या होत्या. नवरा गोव्यात एका कारखान्यात कामाला, सुट्टी मिळेल तसा घरी यायचा. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, मी, माझी लेक आणि सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात.

मामांनी तरुणपणी लाकूड डेपोत ओंडके उचलले. दारू तिथंच लागली. अंग ठणकायचं, सगळेच घ्यायचे, तसे तेही घ्यायला लागले. पुढं डेपोचं काम सुटलं, दारू राहिली. सकाळी चूळ भरायच्या आधी दोन घोट घेतले की त्यांचे हात थरथरायचे थांबत. मग गोठा, मग शेत. दिवसभर थोडी थोडी चालूच असे. संध्याकाळी गप्प जेवून ते अंथरुणाला पाठ टेकत.

शेजारणी म्हणायच्या, "तुझं बरं हाय बाई. तुझा सासरा पिऊन गप पडतो."

मला त्यात बरं काही दिसत नव्हतं. बाळंतपणानंतर मी तापानं फणफणले होते तेव्हा याच माणसानं माझ्या लेकीला पायांवर घेऊन आंघोळ घातली होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तरी रोज घातली. तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. जेवण दोन घासांवर आलं होतं, डोळे पिवळट दिसायचे, आणि म्हशीला पाणी दाखवलं की नाही हे ते मलाच विचारायचे.

एके दिवशी लेक त्यांना म्हणाली, "आज्जा, तुमच्या तोंडाला वास येतोय. मी आईजवळ निजते." दुसऱ्या सकाळी मामांनी बाटलीला हात लावला नाही. मला आनंद झाला. मी त्यांना ताकभात कालवून दिला.

पण त्यांच्या अंगाला नुसता घाम सुटला होता. हात इतके कापत होते की पेला धरवेना. मग भिंतीवर मुंग्या आल्यात म्हणून ते हातानं भिंत झाडायला लागले. भिंतीवर काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ते ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. शेजारचे धावत आले. कुणीतरी म्हणालं, लागीर झालंय, आधी देवळात न्या. मी म्हटलं, "आधी दवाखाना." शेजाऱ्याच्या जीपमध्ये मामांना घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याशी कन्नडमध्ये बोलल्या. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं अशी एकदम बंद करायची नसते, जीवावर बेततं, असं त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. मामा शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "यांना धारवाडच्या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवा. तिथं औषधावर दारू सोडवतात. तोवर मी गोळ्या देते, त्या चुकवू नका."

दारू सोडवायला औषध असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होते की ते सगळं माणसाच्या मनावर असतं. मामाही तेच समजत होते. आपल्याला साधी दारू सोडायला जमलं नाही म्हणून ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

मी नवऱ्याला फोन केला.

"धारवाडला? येड्यांच्या दवाखान्यात?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय त्यांना उचलून न्हेणार न्हाईत. मलाच न्यायचंय."

त्यानं मित्राकडून दुसऱ्या एका गावातल्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणला. खाजगी आहे, कुणाला कळणार नाही, म्हणाला. मी लेकीला आणि मामांना शेजारणीवर सोपवून आधी एकटी बघायला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, "तुम्ही नुसता पत्ता द्या. आमची गाडी येऊन उचलून आणेल. तीन महिने भेट न्हाई."

"डॉक्टर कधी येतात?"

"लागलं तर बोलावतो."

"आमच्यांना फिट आलती. पुन्यांदा आली तर?"

"तसं काय होत न्हाई," तो म्हणाला.

जिन्याच्या वर जाळीचं दार होतं आणि त्याला बाहेरून कुलूप. आत काही माणसं उभी होती. ती जाळीतून माझ्याकडं बघत होती. मी तशीच परत आले आणि नवऱ्याला सांगितलं की तिथं मी म्हैससुद्धा ठेवणार नाही.

मग मी मामांना विचारलं. तोवर सगळे त्यांच्याविषयी बोलत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते गोठ्यात वैरण टाकत होते.

"मामा, धारवाडला जाऊया. मी संगट ऱ्हाते."

"तू? सून सासऱ्याचं करत बसणार तिथं?"

"तुम्ही माझ्या लेकीला न्हाऊ घातलंसा, तवा मी काय बोलले?"

त्यांनी उरलेली वैरण टाकली. मग म्हणाले, "भाताची लावणी हाय."

"लावणीला तुमचा ल्योक येईल."

"तो न्हाई यायचा."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. नवऱ्यानं आधी आढेवेढे घेतले. शेवटी तो म्हणाला, "रजा टाकतो."

तो आल्यावर लेकीला त्याच्याजवळ ठेवून लोंढ्याहून मी आणि मामा रेल्वेनं धारवाडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी रोज किती घेत होतात असं विचारलं, तेव्हा मला वाटलं मामा कमी करून सांगतील. ते म्हणाले, "साहेब, उठल्यापासनं झोपेपर्यंत." खाट मिळाली. घरचं एक माणूस सोबत हवं होतं, म्हणून मी राहिले.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. त्यांनी सलाइन उपटून काढलं. मला म्हणाले, "मला इथं आणण्यापरीस मसणात न्यायचं हुतंस." मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन त्यांच्या उशाशी बसले. गोळ्या रोज थोड्या कमी होत गेल्या. हात थांबले. एके दिवशी त्यांनी माझ्याकडं जास्तीचा भात मागितला.

शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर होते. ते तिसऱ्यांदा आलेत हे ऐकून मामा घाबरले.

"मग ह्याचा उपयोग काय?"

"पुन्हा आलो म्हणून तर जिवंत आहे," मास्तर म्हणाले.

समुपदेशन करणाऱ्या बाई घरच्यांनाही बरोबर बसवायच्या. त्यांनी विचारलं, प्यावंसं कधी वाटतं? "ही गेल्यापासनं संध्याकाळी काय करायचं ते कळत न्हाई," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी सासूबाईंचा विषय पहिल्यांदाच ऐकला. बाई म्हणाल्या, संध्याकाळ व्हायच्या आधीच काम ठरवून ठेवा.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच काम ठरवलं. संध्याकाळची आमटी ते करायला लागले. पहिले काही दिवस मीठ तरी जास्त, नाहीतर तिखट तरी. नंतर त्यांच्या हाताच्या माशाच्या आमटीला माझ्या आमटीपेक्षा चव येऊ लागली. येणारे जाणारे हसायचे. मामा चूल फुंकत म्हणायचे, "हसा की. जेवूनच जावा."

काही महिन्यांनी खानापूरकडं एका लग्नाला गेले आणि तिथं प्याले. परत आल्यावर गोठ्याच्या मागं जाऊन बसले, माझ्यासमोर येईनात. मी चहा घेऊन गेले. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण मामाच आधी बोलले.

"धारवाडची गाडी उद्या हाय न्हवं?"

"हाय."

"मग ह्या खेपंला ल्योकाला बोलवून घे. तू पोरीची शाळा बघ."

नवरा आला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. बापाची पिशवी खांद्याला लावून तो पुढं चालायला लागला. आठवड्याभरानं दोघं परतले तेव्हा नवरा मला म्हणाला, "मी आजवर त्यांच्याजवळ इतका वेळ बसलोच न्हवतो." मामा लाजून दुसरीकडं बघत होते.

आता मामा गोळ्या आणायला धारवाडला एकटे जातात. अंग भरलंय, शेतात बैलांमागं चालतात. ते पूर्ण बरे झाले असं मी कुणाला सांगत नाही, तेही सांगत नाहीत. एखाद्या दिवशी ते नुसतेच आत-बाहेर करत राहतात आणि मग येऊन म्हणतात, "आज जड जातंय." अशा वेळी मी हातातलं काम ठेवते. आम्ही पायरीवर बसतो, भाताचं बोलतो, म्हशीचं बोलतो, लेकीच्या अभ्यासाचं बोलतो, अंधार पडेपर्यंत.