माझ्या मशीनला काय धाड भरलीय!

काय सांगू तुम्हाला, माणसानं शहाणं असावं, पण माझ्याइतकं नाही. चहा आधी संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल.

मी वसईतला वाडीवाला. झेंडू आणि केळी हा आमचा पिढीजात धंदा. पण घरचा कॉम्प्युटर मी स्वतः उघडतो, स्वतः पुसतो, त्यामुळे गावात जरा मान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या!

त्या कॉम्प्युटरात आमच्या सौभाग्यवतींची, म्हणजे सुनंदाची, दोन वर्षांची मेहनत होती. तिची बायआत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. गावातली लग्नाची जुनी गाणी तोंडपाठ असलेली ती शेवटची बाई. सुनंदानं तिच्यासमोर बसून एकशे चाळीस गाणी लिहून घेतली, टाइप केली, आणि टाइप झालेल्या वह्या मी रद्दीत घातल्या. आत्याला डोळ्यांनी दिसतंय तोवर पुस्तक तिच्या हातात ठेवायचं होतं.

"अहो, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा," ती महिनाभर मागे लागली होती.

"माझ्या मशीनला काय धाड भरलीय?" मी म्हणायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याच्या छापखान्यात फाइल द्यायची होती. सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. अर्थ एवढाच, की हार्ड डिस्क सापडत नाही.

"काय म्हणतोय?" सुनंदा पाठीमागेच उभी.

"झोपेत आहे. उठेल."

उठतोय कसला!

"खारी हवा!" मी निदान केलं. वसईत दार फुगलं, पापड सादळला, कुलूप अडकलं, सगळा दोष खाऱ्या हवेचाच असतो. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. रॅमची पट्टी खोडरबरानं घासली. नाही! मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सेल बदलला. नाही! मग हार्ड डिस्कच्या मागची वायर उपटली, डिस्क बाहेर काढली आणि... हसू नका हं... ओल शोषून घ्यायला तांदळाच्या डब्यात पुरली.

दुपारी सुनंदा भात लावायला गेली, तर तांदळाबरोबर वर आली डिस्क!

"अहो, माझी गाणी तांदळात?"

"सुकवतोय गं."

सुकलेली डिस्क परत जोडली. पडद्यावर तीच ओळ! आता मला घाम फुटला. मग अशा वेळी नवरे जे करतात तेच मी केलं. "परवा लादी पुसताना तूच कॉम्प्युटरला धक्का दिला असशील!"

सुनंदा भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले. तिनं आत्याला फोन लावला.

"रडतेस कशाला?" आत्या म्हणाली. "वही घे. पयलं गानं हळदीचं." आणि धापा टाकत म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मुकाट्यानं आचोळ्याच्या रोझीला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं तिचं दुकान आहे. "मदरबोर्ड गेलाय," मी दारातच सांगितलं.

"काका, सगळं तुम्हीच डिसाइड केलं, तर मी कशाला आली?"

तिनं डिस्कची वायर धरली आणि बोट फिरवत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, जिथे ती मदरबोर्डला जोडलेली असते. ते टोक मी सकाळपासून तपासलंच नव्हतं! तिनं वायर काढली, मोबाइलचा उजेड पाडला आणि खाचेतून चिमट्यानं काहीतरी पिवळं ओढलं.

"काका, ये क्या है?"

"वायरचा तुकडा?"

"वास घ्या."

झेंडूची पाकळी! आमच्याच वाडीतली!

"मशीनमध्ये फुलं कोणी घातली?" मी कडाडलो. खरंच कडाडलो हो, अगदी मनापासून!

सुनंदानं शांतपणे मोबाइल पुढे केला. घरच्यांचा ग्रुप, दसऱ्याची सकाळ. फोटोत कॉम्प्युटरचा डबा उघडा, नीट पुसायला तीच वायर सोडलेली, मदरबोर्डला कुंकू, फटीफटीत झेंडू, आणि शेजारी हात जोडून दात काढणारा मी. खाली माझंच ज्ञान: "नुसत्या डब्याला काय हळदकुंकू लावता? पूजा आतल्या देवाची करावी!"

संध्याकाळी फुलं काढून वायर परत खुपसणाराही मीच. पाकळीसकट!

रोझीनं ब्रशनं खाच साफ केली, वायर बसवली, बटण दाबलं. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस गाणी जागच्या जागी! सुनंदा हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. रोझीनं गाणी आधी पेनड्राइव्हवर घेतली, आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात न देता सुनंदाला दिला.

पुस्तक झालं. आत्याच्या हातात पडलं. मी शेवटचं पान उघडलं, तर गाणी एकशे एक्केचाळीस! आमच्याकडे हळदीला बायका गाण्यातून जावयाची फिरकी घेतात, आणि मी पडलो आत्याचा जावई. तिला सगळी हकीकत कळली होती. तिनं त्याच दिवशी गाणं रचून सुनंदाला छापखान्यात पाठवायला लावलं होतं:

जावई आला शिकून गो, मशीन पुजतो वाकून गो,
फुलं दिली खुपसून गो, गानी बसली रुसून गो!

गावातल्या बायका जुनी गाणी विसरत चालल्या, म्हणून सुनंदानं एवढा खटाटोप केला. आता हळदीला सगळ्याजणी पुस्तक समोर ठेवून गातात. हे एकच गाणं मात्र सगळ्यांना न बघता येतं!