वगळलेले अकरा तारे

खुशनुमा बागवान चिडली की आवाज चढवत नसे. ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर येई. पुण्यातल्या एका खगोल संस्थेत ती कंत्राटावर तंत्रसहायक होती. ताऱ्यांचे वर्णपट उघडायचे, त्यातल्या काळ्या रेषा मोजायच्या आणि कोणत्या ताऱ्यात कोणतं मूलद्रव्य किती ते काढायचं, हे तिचं काम.

त्या वर्षी तिच्याकडे एका गोलाकार तारकागुच्छातले त्रेसष्ट तारे होते. हा लहानसा गुच्छ वायूच्या एकाच ढगातून एकदम जन्मला, म्हणून सगळ्या ताऱ्यांची घडण सारखीच, असं तिचे प्रमुख डॉ. दिग्विजय ताम्हाणे पूर्वीच एका लेखात लिहून बसले होते. खुशनुमाच्या मोजणीत मात्र अकरा ताऱ्यांत सोडियम भलताच जास्त निघाला.

“ते अकरा वगळा,” ताम्हाणे म्हणाले. “तारे आणि आपण यांच्या वाटेतल्या वायूचा सोडियम मोजलात तुम्ही.”

“त्या रेषा मी घेतल्याच नाहीत, सर. सोडियमच्याच रेषांची दुसरी जोडी घेतली. शिवाय त्याच अकरांत ऑक्सिजन कमी आहे. चूक इतक्या शिस्तीत होते का?”

“तुमचं एम.एस्सी.च ना?”

“हो. आपण मात्र माझा आकड्यांचा तक्ता उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.”

तिने तीन आठवडे सगळं पुन्हा मोजलं. आकडे हलले नाहीत. तिचे वडील दादामियाँ मार्केट यार्डात पोती तोलायचं काम करत. ऐकून म्हणाले, “वजन पटलं नाही तर पुन्हा तोलतात, बेटा. पोतं फेकून देत नाहीत.”

महिन्याभराने संस्थेच्या सभागृहात ताम्हाण्यांनी आलेख दाखवला. ठिपके बावन्न. खाली बारीक अक्षरांत ‘मोजणी: खु. बागवान’. तिचं डोकं सणकलं. ती उठली.

“मी त्रेसष्ट मोजले होते. अकरा कुठे गेले? ते दाखवणार नसाल, तर माझं नाव खोडा.”

“हे नंतर बोलू.”

“नंतर कशाला? आपण सगळे आहोतच की इथे.”

दुसऱ्या संस्थेतून आलेल्या ललिता रणपिसे पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी तिच्याकडे वर्णपट मागितले आणि ताम्हाण्यांना सर्वांसमोर ‘द्या’ म्हणावं लागलं.

खुशनुमाचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण विचारलं, तर ‘कामाची गरज संपली’ एवढंच उत्तर आलं. ती स्वारगेटजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागली. ललिताबाईंनी ते अकरा तारे दुसऱ्या दुर्बिणीने पुन्हा पाहिले. सोडियम तेवढाच, ऑक्सिजनही तितकाच कमी. गुच्छात ताऱ्यांच्या दोन पिढ्या असाव्यात, असा शोधनिबंध दोघींच्या नावाने छापून आला.

त्याच आठवड्यात ताम्हाण्यांचा फोन आला. “अभिनंदन! शेवटी आपल्या संस्थेचंच काम.”

“कोणाच्या संस्थेचं?” खुशनुमा म्हणाली. “मला तर आपण काढलं होतं.”

“अहो, तसं नका घेऊ—”

“कसं घ्यायचं ते मी ठरवीन. आपण आधी तो जुना लेख दुरुस्त करा.”

तिने फोन ठेवला. लेख अजून दुरुस्त झालेला नाही. दर सोमवारी ती त्यांना एका ओळीची आठवण पाठवते.